महीसागराच्या ओटीतली बोरमाळ

"सर, नदीला चुकून दिलेलं सोनं परत मागायचं असेल, तर फिजिक्समध्ये त्याची काही सोय आहे का?"

हा प्रश्न मी भर ट्यूशनमध्ये, साठ मुलांसमोर, उभी राहून विचारला. पैज लागली होती. रूपाली आणि फाल्गुनी या माझ्या दोन मैत्रिणी. त्यांचं म्हणणं, तू असलं काही विचारूच शकणार नाहीस, आणि विचारलंस तर सेवउसळ आमच्याकडून. त्यांचंही चूक नव्हतं. दिवाळीपर्यंत मी वर्गात हात वर केला असेल तो पंख्याचं बटण दाबायला. पण अकरावीची दिवाळीची सुट्टी संपली आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मुलग्यांचा फुटतो तसा माझाही आवाज फुटला. रिक्षावाल्याशी मी मीटरवरून भांडले. बँकेतल्या काकांना विचारलं, पेन दोरीने बांधून ठेवता म्हणजे आम्ही चोर का. घरात आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागले होते.

दवे सरांनी खडू खाली ठेवला. वर्ग हसत होता, सर हसले नाहीत. "छे ने, केम नथी," म्हणजे आहे की, का नसेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा खडू उचलला आणि फळ्यावर एक भलंमोठं वर्तुळ काढलं. तारेचं वेटोळं करायचं, त्यातून वीज खेळवायची, वेटोळं धातूजवळ गेलं की त्याची लय बिघडते, आणि शेजारी एक छोटा रेडिओ बांधला तर ती बिघडलेली लय शिट्टीसारखी ऐकू येते. वीस मिनिटं सर त्यावर बोलले. मग हात झटकत त्यांनी विचारलं, नदीला दिलंस तरी काय?

"आईची बोरमाळ," मी म्हणाले. बोरमाळ म्हणजे काय हे सरांना माहीत नव्हतं, म्हणून बोराएवढाले सोन्याचे मणी मी हवेत बोटांनी करून दाखवले. साठ मुलांनी ते हवेतले मणी पाहिले.

संध्याकाळी सेवउसळ खाल्ली. चांगली झणझणीत होती, त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी आलं त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

झालं होतं असं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीची पिकनिक सिंधरोटला गेली. बडोद्याला समुद्र नाही हे आम्हाला कुणी सांगितलेलं आवडत नाही. आम्ही मही नदीला महीसागर म्हणतो, आणि हिवाळ्यात पाणी ओसरून वाळू उघडी पडली की चौपाटीवर गेल्यासारखे तिथे जाऊन पायजमे दुमडतो.

त्या वर्षी चड्डी-बनियन घालून, अंगाला तेल चोपडून येणाऱ्या चोरांची कारेलीबागेत फार हवा होती. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण तेल कुठलं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे घर बंद करून निघायचं तर सोनं मागे ठेवायचं नाही, हा आईचा नियम. आणि सोनं न्यायची तिची स्वतःची एक पद्धत होती. ब्लाउजपीसमध्ये.

इथे थोडं थांबून ब्लाउजपीसबद्दल सांगायला हवं. मराठी घरातल्या कपाटात ब्लाउजपीस हा शिवायला नसतो, फिरायला असतो. कुणी आली की ओटीत एक द्यायचा, कुणाकडे गेलं की एक मिळतो, तो तिसरीला जातो. आमच्याकडून निघालेला एक मोरपंखी ब्लाउजपीस दीड वर्षाने पाच घरं हिंडून आमच्याकडेच परत आला, तेव्हा आईने त्याला कडेच्या डागावरून ओळखलं आणि 'आलास बाबा' म्हणून पुन्हा कपाटात ठेवला. तर आईचं तर्कशास्त्र असं, की जी वस्तू मिळाली तरी कुणी ठेवून घेत नाही, ती चोर कशाला नेईल. म्हणून ती बोरमाळ ब्लाउजपीसच्या घडीत सपाट ठेवायची, गाठ मारायची नाही, कारण गाठ दिसली की चोराला कळतं. आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके घालायची. बाहेरून बघितलं तर दुकानातून आत्ता आणलेली घडी.

ती बोरमाळ आईच्या आईची. पाणीगेटला आईचं माहेर होतं. आजी गेली, मामा घर विकून सुरतेला गेले आणि मग पत्रंही थांबली. माहेरची म्हणून तेवढी एक वस्तू आईकडे राहिली होती. दसऱ्याला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वर्षातून दोनदा ती घालायची. त्या दिवशी ती आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहायची आणि आम्ही घाई करायचो नाही.

आता आई नदी बघितली की ओटी भरल्याशिवाय राहत नाही. म्हणून पिकनिकच्या पिशवीत दोन ब्लाउजपीस होते, दोन्ही हिरवे, एकाच ठाणातले. वरचा नदीचा, खालचा बोरमाळेचा. आणि सगळ्यात खाली माझ्या कॅमेऱ्याचा रोल.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आई पाण्याकडे गेली तेव्हा मी रोलसाठी सगळी पिशवी शतरंजीवर उलटी केली, रोल घेतला, आणि बाकीचं हाताला येईल तसं परत कोंबलं. पाण्याच्या कडेवरून आई म्हणाली, "रसिका, वरचा ब्लाउजपीस दे गं." मी वरचा दिला. नुसता दिलाच नाही, आई डोळे मिटून नारळ, तांदूळ, हळदकुंकवासकट तो पाण्यात सोडत होती, त्याचा फोटोही काढला. फोटो फार छान आला आहे.

घरी आल्यावर आईने टाके उसवायला कात्री घेतली. टाके नव्हते. तिने घडी उलगडली, झटकली, पुन्हा झटकली आणि मग पलंगावर बसली. "माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "भरताना मीच खाली-वर केलं असणार." मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "इतकी वेंधळी कशी गं तू?" बाबा आईला असं कधीच बोलत नाहीत. ते ऐकलं आणि माझं तोंड मिटलं. साठ मुलांसमोर नदीचं फिजिक्स विचारणारी मी, पण 'पिशवी मी उलटी केली' एवढं अवघ्या दोन श्रोत्यांना सांगायला मला जमलं नाही. आणि एकदा त्या दिवशी जमलं नाही, मग दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं.

म्हणून यंत्र.

यंत्राला बाबांनी मनापासून मदत केली. ते रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत, त्यामुळे घरात तारा आणि घराबाहेर उपदेश, दोन्हींचा साठा असतो. वेटोळं आईच्या भरतकामाच्या रिंगवर गुंडाळलं. दांडा म्हणून जळमटं काढायच्या लांब झाडूची काठी. मध्यावर बाबांचा क्रिकेट ऐकायचा रेडिओ चिकटपट्टीने बांधला, तो दोन स्टेशनांच्या मधोमध लावून ठेवायचा. स्टीलच्या डब्यावरून फिरवला तर यंत्र असं किंचाळलं की खालून कमळाकाकू कुकरची शिट्टी समजून वर बघायला आल्या.

इथेच पहिली चूक झाली. पुऱ्या सोसायटीसमोर चाचणी घ्यायची मला हौस. मी अंगणात एकेकीच्या हातावरून यंत्र फिरवलं. सगळ्यांच्या बांगड्यांवर शिट्टी वाजली. कमळाकाकूंच्या पाटल्यांवर वाजली नाही. सेल उतरले होते हो. नवे सेल घालून मी पुन्हा फिरवणार, तर काकूंनी हात पदराखाली घेतला आणि स्वयंपाक गॅसवर असल्याचं सांगून निघून गेल्या. तेव्हापासून यंत्र सोन्याचा कस बघतं अशी बातमी झाली. बायका मला बघून हात मागे घ्यायला लागल्या. आणि कमळाकाकू, ज्या आधी 'होतं गं असं' म्हणत होत्या, त्या आता जिन्यात, दुधाच्या रांगेत, भाजीच्या लारीपाशी आईबद्दल बोलायला लागल्या. वाईट नाही, फार मायेने. "मुळात वेंधळीच हो ती. गरीब स्वभाव." आठवड्याभरात आईला सोसायटीत हे नवं विशेषण कायमचं चिकटलं. आई हसायची. "आहेच मी तशी," म्हणायची. दळणाचा डबा विसरला की आता ती स्वतःच म्हणायची, "बघा, वेंधळी." मी शेजारच्या खोलीत ऑर्गॅनिक केमिस्ट्री वाचत असायची आणि एक पान तासभर उलटत नसे.

मोहिमेचं नेतृत्व बळवंतरावकाकांनी आपणहून घेतलं. ते तळमजल्यावर राहतात. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, काका स्वतः रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, पण मिशा घोडदळाच्या. त्यांचं पहिलं फर्मान, परवानगीशिवाय सरकारी वाळूला हात लावायचा नाही. उद्या पोलिसांनी यंत्र जप्त केलं तर काय कराल, सुभाषराव, असं त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा घाबरले. मी घाबरले नाही, मला कचेरीत जाऊन बोलायचंच होतं. कुठली कचेरी ते सांगत नाही, पण पंखा एक होता आणि तो कारकुनाकडे तोंड करून होता. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, वस्तू हरवली की अर्पण केली? बाबा स्वभावाने इतके सरळ की म्हणाले, अर्पण केली, पण चुकून.

"मग मालक नदी," कारकून म्हणाले. "तुम्ही अर्जदार कसे?"

मी म्हटलं, दान देणाऱ्याचा उद्देश बघायला हवा ना. ते म्हणाले, उद्देशाला रकाना नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की ज्याची वस्तू त्याचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं, आणि नदीच्या वतीने सही करायचा अधिकार कुणाला आहे हे वरून विचारून घ्यावं लागेल. दुसऱ्या खेपेला ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेला त्यांना आमची दया आली असावी. त्यांनी अर्जाचा विषयच बदलून दिला. गोल शिक्का मारून जे पत्र मिळालं त्यात लिहिलं होतं, 'सदर कुटुंबास नदीच्या पात्रात सहभोजन करण्यास हरकत नाही.' बळवंतरावकाकांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलं आणि मोहीम निघाली.

पहिल्या रविवारी आम्ही एकोणीस जण होतो. काकांनी फक्कीने वाळूवर चौकोन आखले, चौकोनांना तुकड्यांची नावं दिली, गळ्यात शिट्टी अडकवली. यंत्राचीही शिट्टी आणि काकांचीही शिट्टी, त्यामुळे दर पाच मिनिटांनी चार जण नको तिथे खणायला लागायचे. त्यात रेडिओ मध्येच खरखरून आकाशवाणी पकडायचा. मी श्वास रोखून यंत्र वाळूवरून नेतेय, सगळे कान टवकारून उभे आहेत, आणि वेटोळ्यातून धीरगंभीर गुजरातीत कपाशीवरच्या अळीचा बंदोबस्त. दुपारपर्यंत बाटल्यांची झाकणं, एक चमचा, कडीचा अर्धा तुकडा आणि कुणाच्या तरी चपलेचं बक्कल एवढं निघालं. मग काकांच्या स्वतःच्या चौकोनात यंत्र जोरात वाजलं आणि हातभर खाली घोड्याचा नाल सापडला.

काकांनी तो रुमालाने पुसला. उन्हात धरला. त्यांचे पणजोबा याच वाटेने महीपार मोहिमेवर गेले होते असं त्यांनी सांगितलं. टांग्याच्या घोड्याचाही असू शकेल, असं बाबांनी हळूच सुचवलं, त्याकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत काका नव्हते. नाल घरी नेऊन त्यांनी दाराच्या चौकटीवर ठोकला. आणि मोहीम, त्यांच्या दृष्टीने, फत्ते झाली. शिट्टी त्यांनी मला देऊन टाकली.

दुसऱ्या रविवारी आम्ही नऊ जण. एकाकडे पाहुणे, दोघांना सर्दी, तिघांच्या घरी टीव्हीवर मॅच. तिसऱ्या रविवारी मी, बाबा, रूपाली आणि फाल्गुनी. त्या दोघी ऊन लागतं म्हणून छत्री उघडून बसल्या आणि कॉलेजला गेल्यावर केस कापायचे की नाही यावर बोलत राहिल्या. त्यांचं चूक नाही. बोरमाळ काही त्यांच्या आईची नव्हती. मी मध्येच जवळ जाऊन बसले तर विषय बदलायच्या, गंभीर व्हायच्या, "मळी जशे, रसिका", मिळेल गं, म्हणायच्या, जशी काही मी आजारी आहे. मी उठले की पुन्हा केस.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? कौतुक. दुधाची पिशवी आणायला खाली उतरले की कुणीतरी म्हणायचंच, पोरगी आईसाठी जीव टाकतेय हो, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. आई ऐकायची आणि तिचा चेहरा फुलायचा. रात्रपाळी नसली की बाबा माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी पंधरा दिवसांत बडोद्यातली सर्वांत गुणी मुलगी झाले होते. ज्या गोष्टीबद्दल मार खायला हवा तिच्याबद्दल शाबासकी मिळत राहिली की माणूस कुणाकडे बघून हसावं हेच विसरतो. मी पूर्वीसारखीच बोलत होते, किंबहुना जास्तच, फक्त संध्याकाळी आठवून बघितलं तर दिवसभरात खरं एकही वाक्य बोललेली नसायची.

चौथ्या रविवारी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. ते रात्रपाळी करून आले होते. वर्तमानपत्र अंथरून वाळूवर बसले आणि पाच मिनिटांत आडवे झाले. आजूबाजूला मैलभर कुणी नव्हतं. यंत्र बंद करून मी त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, पिशवी मी उलटी केली होती." बाबा झोपेतच "हं" म्हणाले. हे सांगितलं असं धरायचं की नाही यावर मी बराच विचार केला. नाही धरलं.

पाचवा रविवार नेमका उत्तरायणचा, चौदा जानेवारी. त्या दिवशी अख्खं बडोदं गच्चीवर असतं. खाली रस्त्यावर कुत्री आणि परगावचे लोक. बाबांना दिवसपाळी होती. मी आईला सांगितलं, फतेगंजला फाल्गुनीच्या गच्चीवर पतंग उडवायला जाते. फाल्गुनीला सांगितलं, आमच्याकडे पाहुणे आहेत. अशा रीतीने दोन्हीकडे मला कुणी शोधणार नाही याची पक्की व्यवस्था करून मी काठी खांद्यावर टाकली आणि सिंधरोटची बस धरली.

मला वाटलं होतं, ही लांबलचक काठी बघून बसमध्ये शंभर प्रश्न येतील. एकही आला नाही. उत्तरायणला लांब काठी घेऊन हिंडणारे तुटलेले पतंग पकडायलाच निघालेले असतात. कंडक्टरने काठीच्या टोकाची भरतकामाची रिंग बघितली, त्यांना ती युक्ती आवडली असावी. "पतंग लूटवा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बसमध्ये आम्ही तिघं होतो, ड्रायव्हर धरून.

वाळूवर कुणी नव्हतं. काकांच्या फक्कीच्या रेषा पुसट झाल्या होत्या. लांब गावातल्या गच्च्यांवरून थाळ्या वाजत होत्या, पतंग कापला की "काप्यो छे" असा ओरडा वाऱ्याबरोबर यायचा आणि विरायचा. मी यंत्र सुरू केलं आणि पाण्याच्या अगदी कडेने चालायला लागले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी गप्प होते. गप्प राहायला कुणी कारणच विचारत नव्हतं.

दुपारी एकदा यंत्र वाजलं. गंजलेली तार होती, कुंपणाची असावी. ओढली तर तिला कापड अडकलेलं. कापडांचं मला आता काही वाटत नव्हतं. महीची ओटी फक्त आई भरते असं नाही, त्या पाच रविवारांत मी लाल, पिवळे, जरीकाठी असे अकरा ब्लाउजपीस काढले होते आणि प्रत्येक वेळी उलगडून आतले कोपरे चाचपले होते. हा चिखलाने तपकिरी झाला होता. पाण्यात खळबळला तर हिरवा निघाला.

घडी अजून अर्धीमुर्धी शाबूत होती. आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका होता. दुसऱ्याच्या जागी भोक.

घडी रिकामी होती.

मी यंत्र बाजूला टाकलं आणि हातांनी खणायला लागले. तारेभोवतीची वाळू ओंजळीओंजळीने चाळली. एक तरी मणी, अर्धा मणी, फुटका मणी मिळावा म्हणून. ऊन उतरेपर्यंत चाळली. काही नाही. नदीने आईचं सोनं ठेवून घेतलं होतं आणि ब्लाउजपीस तेवढा परत केला होता, पुढे कुणाला तरी द्यायला. या शहरात ब्लाउजपीस कुणी ठेवून घेत नाही म्हणतात ते अगदी खरं आहे. मला त्याचं हसूच आलं, आणि एकटीने मोठ्याने हसल्यावर तो आवाज इतका विचित्र वाटला की मी यंत्राचा रेडिओ स्टेशनवर लावला. कुणीतरी बोलत राहिलं.

परतीच्या वाटेवर एक कापलेला पतंग डगमगत आला आणि आपणहून माझ्या रिंगमध्ये अडकला. बसमध्ये तेच कंडक्टर होते.

"मळ्यो ने?" मिळाला ना, असं त्यांनी खूश होऊन विचारलं.

"मळ्यो," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा पाळीवरून आले होते आणि टेबलावर उंधियू, जिलेबी, आईने केलेले तिळाचे लाडू असं सगळं मांडलेलं होतं. आईने विचारलं, किती कापलेस? मी पिशवीतून ब्लाउजपीस काढला आणि जिलेबीच्या ताटलीशेजारी ठेवला.

आईने तो लगेच ओळखला. हात पुसून आधी तिने घडी चाचपली, मग बोट लाल टाक्यावर फिरवलं. मी मान हलवली. बाबांनी खुर्ची मागे सरकवली, पण उठले नाहीत.

"दोरा पक्का होता," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कापड चांगलं टिकलंय हं. धुवून इस्त्री केली की चालेल अजून." तिने तो हळूहळू सारखा करायला घेतला. "येत्या रविवारी हळदीकुंकू. गळ्याकडे बघून विचारतीलच सगळ्या. सांगेन, वेंधळी ती वेंधळीच." आणि ती हसली, कमळाकाकूंसमोर हसायची तसं.

ते हसू मी पाच आठवडे शेजारच्या खोलीतून ऐकत होते. समोरून पहिल्यांदाच बघितलं.

"पिशवी मी उलटी केली होती," मी म्हटलं. "कॅमेऱ्याच्या रोलसाठी. तू पाण्याकडे गेलीस तेव्हा. परत भरताना खालचा वर आला."

आईचे हात थांबले. बाबा माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. त्यांना आपलं त्या संध्याकाळचं वाक्य आठवत असावं. मग तिने हात पुढे करून माझ्या केसांत अडकलेला मांज्याचा तुकडा काढला, बोटाभोवती गुंडाळला.

"बरं," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता हे या घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. मला म्हणतायत ना, म्हणू देत. माझी सवय झालीय. तुला अजून या गावात मोठं व्हायचंय."

बाबांनी मान डोलावली. हळू, पण डोलावली.

मी उभी राहिले. टेबलापाशी उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, पण ट्यूशनमध्ये उभं राहिल्यावरच मला बोलता आलं होतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हटलं. "आता मी सिंधरोटला जाणार नाही. रविवारी हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या की पिशवी कुणी उलटी केली ते मी सांगणार. कमळाकाकूंना पुढे बसवणार. आणि वाण वाटायच्या आधी सांगणार, म्हणजे कुणी मध्येच उठून जाणार नाही."